मूल खोटं बोलतं तेव्हा: आधी काय, मग काय

मनीप्लांटची बाटली फुटली आहे. हॉलभर पाणी, त्यात काचा, काचांमध्ये बॉल. पाच वर्षांचा मुलगा पडद्यामागे, पाय बाहेर दिसताहेत. आई विचारते, "कोणी फोडली?" पडद्यामागून उत्तर येतं, "मी नाही."

यात पहिली चूक आईची आहे. तिला उत्तर माहीत होतं, तरी तिनं विचारलं.

मी पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते. पालकसभा संपली की दोन-तीन पालक मागे रेंगाळतात आणि तक्रार ठरलेली असते: "बाई, एवढं समजावतो, तरी खोटं बोलतो." घरी नेमकं काय करता, असं विचारलं की क्रमही ठरलेला निघतो. आधी उलटतपासणी, मग मुलाचं खोटं, मग आरडाओरडा, मग दरडावून म्हणून घेतलेलं सॉरी. काचा शेवटी आईच उचलते. मुलाला यातून कळतं ते एवढंच, की पकडलं गेलं तर बोलणी बसतात आणि बोलणी खाल्ली की पसारा दुसरं कोणीतरी आवरतं.

खाली दिलेला क्रम साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातलं अर्धं काम घटना घडायच्या आधीचं आहे. ते गाळून थेट पायऱ्यांवर आलात तर दुसऱ्याच दिवशी गाडी आरडाओरड्यावर येईल.

## आधीची तयारी

### १. खोट्याची जात ओळखा

"काल आमच्या गच्चीवर हत्ती आला होता" हे खोटं नाही. "बापरे, जिन्यानं आला की लिफ्टनं?" असं विचारा आणि मजा घ्या. "माझ्याकडे पण रिमोटची गाडी आहे" असं मित्राला सांगणारं मूल स्वतःची हौस बोलून दाखवतं. "तुलाही हवीशी वाटते ना?" एवढं म्हटलं तरी पुरतं. आणि काकूंनी आणलेला स्वेटर टोचत असताना "छान आहे" म्हणणं तर आपणच शिकवलेलं असतं.

हाताळायची खोटी दोन जातींची. एक भीतीपोटी बोललेलं: "मी नाही फोडली." दुसरं फायद्यासाठी: एक चॉकलेट खाऊन झाल्यावर आजीला "मला मिळालंच नाही." दोन्हींवर उपाय वेगळे. भीतीचं खोटं असेल तर आधी तुमचा आवाज खाली यायला हवा. फायद्याचं असेल तर आधी फायदा बंद व्हायला हवा, म्हणजे आजीनं दुसरं चॉकलेट देण्याआधी आईला विचारायचं. घरोघरी याच्या नेमकं उलट होतं. भीतीच्या खोट्याला दम मिळतो आणि चॉकलेटच्या खोट्याला "किती चतुर आहे बघा" म्हणून हसू.

आपलं मूल बिघडलं आहे का, या काळजीसाठी एक माहिती. कॅनडातल्या व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी मुलांना खोलीत एकटं ठेवून, पाठीमागच्या खेळण्याकडे बघायचं नाही असं सांगून पाहिलं. बहुतेकांनी बघितलं. विचारल्यावर तीन वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांनी कबूल केलं. त्याहून मोठ्यांपैकी बहुतेकांनी नाकारलं. गंमत म्हणजे "बघितलं नाहीस ना? मग कोणतं खेळणं असेल सांग" म्हटल्यावर लहानग्यांनी भाबडेपणानं खेळण्याचं नावच सांगून टाकलं. समोरच्याच्या मनात काय आहे हे मुलाला कळू लागलं, की खोटं बोलता येऊ लागतं. चौथ्या वर्षी मूल पहिल्यांदा धडधडीत खोटं बोललं तर ते वयानुसारच आहे.

अजून एक वयाचं वैशिष्ट्य. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांना विचारलं होतं: एकाच्या हातून नकळत दार लागून पंधरा कप फुटले, दुसऱ्यानं चोरून जॅम काढताना एक फोडला, जास्त वाईट कोण? लहान मुलं बहुधा पंधरावाल्याकडे बोट दाखवत. म्हणजे तुमच्या मुलाच्या लेखी बाटली फुटणं हा भयंकर गुन्हा आहे, कारण आवाज मोठा झाला. बहिणीचं खोडरबर गुपचूप दप्तरात टाकणं मात्र किरकोळ. घरातला हिशोब वेगळा आहे हे त्याला आपोआप कळणार नाही. शांत वेळी, अंघोळीच्या किंवा वेणी घालण्याच्या वेळी सांगून ठेवा: "चुकून झालं तर आवरायचं. मुद्दाम केलं तर आवरायचं आणि त्या माणसाशी बोलायचं. लपवलं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं."

तपासा: गेल्या महिन्यातली तीन खोटी आठवा. भीतीची किती, फायद्याची किती? तिन्ही भीतीची निघाली तर मुलाआधी स्वतःच्या आवाजावर काम करा.

### २. मोठ्यांची खोटी मोजा

एक आठवडा फ्रिजवर कागद लावा आणि मुलादेखत मोठ्यांच्या तोंडून निघालेली खोटी लिहा. माझ्या घरच्या कागदावर चार दिवसांत अकरा नोंदी झाल्या होत्या, त्यातल्या सात माझ्या.

नेहमीची यादी बहुतेक घरांत सारखीच. "बाबा घरी नाहीत म्हणून सांग." "आइसक्रीम संपलं" (डीपफ्रीजमध्ये आहे). "इंजेक्शन अजिबात दुखणार नाही." "जेवला नाहीस तर पोलीसकाका घेऊन जातील." आणि एसटीच्या दारात, कंडक्टर यायच्या आत: "विचारलं तर साडेचार वर्षांचा आहे म्हणायचं." पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट असतं हे त्याला ठाऊक नसलं, तरी आपला पाचवा वाढदिवस झाला आहे हे पक्कं ठाऊक असतं. केकवरची मेणबत्ती त्यानंच फुंकलेली असते.

ही खोटी मुलांवर उतरतात. २०१४ साली चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांच्या प्रयोगात, मोठ्या माणसानं आधी खोटं सांगून फसवलेली शाळकरी मुलं नंतर जास्त संख्येनं चोरून बघत होती आणि ते नाकारतही होती.

सगळी खोटी एकदम सुटत नाहीत. चार वाक्यं बदलली तरी खूप. "बाबांना आत्ता बोलायचं नाही, नंतर फोन करतील." "आइसक्रीम आहे, आज द्यायचं नाही." "टोचेल, मुंगी चावल्यासारखं, मी दहापर्यंत मोजेन." आणि अर्धं तिकीट काढा.

### ३. घरातल्या मोठ्यांचं एकमत करा

मुलाला झोपवून, सगळ्यांनी बसून. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना वगळून ठरवलेला नियम दोन दिवस टिकत नाही. तीन गोष्टी ठरवा: प्रसंग घडला की बोलणारं माणूस एकच, बाकीचे मध्ये पडणार नाहीत, आणि घडलेलं पाहुण्यांना, शेजाऱ्यांना रंगवून सांगायचं नाही.

आजीला गप्प बसवणं हा हेतू ठेवू नका, जमणारही नाही. माझ्या सासूबाईंशी जमलं ते या वाक्यानं: "आई, तुम्ही त्याला जवळ घ्या, डोळे पुसा. फक्त त्याच्या हातातलं फडकं काढून घेऊ नका." माया त्यांची राहिली, काम त्याचं राहिलं.

इशारा: "थांब, संध्याकाळी बाबा आले की सांगते" हे वाक्य कायमचं काढून टाका. बाबांचा धाक बसतो तो बाबांच्या घरी येण्याचा, आणि सहा तासांनी मिळालेल्या शिक्षेचा सकाळच्या बाटलीशी संबंध मुलाच्या डोक्यात उरलेला नसतो.

### ४. परिणाम आधीच ठरवा

रागाच्या भरात सुचलेला परिणाम हमखास चुकीचा असतो. "महिनाभर टीव्ही बंद!" तिसऱ्या दिवशी तुम्हालाच स्वयंपाक उरकायचा असतो आणि टीव्ही लागतो. मूल शिकतं की आईचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. म्हणजे हेही एक खोटंच झालं.

चांगला परिणाम घडलेल्या गोष्टीतूनच निघतो, त्याच दिवशी उरकतो, त्या वयाच्या हातांना झेपतो आणि तुम्ही तो खरोखर पार पाडू शकता. काही जोड्या:

- दूध सांडलं: फडकं आणायचं, पुसायचं, पिळून दोरीवर घालायचं.
- भिंतीवर खडूनं रेघोट्या: ओल्या फडक्यानं दहा मिनिटं घासायचं, डाग निघो न निघो.
- ताईचं चित्र फाडलं: चिकटपट्टीनं जोडून तिच्या हातात द्यायचं, आणि तिचं ऐकून घ्यायचं.
- "दात घासले" म्हटलं पण ब्रश कोरडा: रविवारपर्यंत दात आईसमोर.
- "टीव्ही बंद केला" म्हणून सांगून चालूच: दोन दिवस रिमोट मोठ्यांकडे.

पहिल्या तिन्हींत नुकसान भरून काढायचं आहे. शेवटच्या दोन्हींत खोट्याची स्वतःची किंमत आहे: काही दिवस तुझ्या नुसत्या सांगण्यावर भागणार नाही, मला पाहावं लागेल. या दुसऱ्या प्रकाराला शेवटची तारीख हवीच. "आता तुझ्यावर विश्वासच नाही" असं बेमुदत बोललात, तर खरं बोलून त्याला मिळवण्यासारखं काही उरत नाही.

जेवण, रात्रीची गोष्ट, कुशीत झोपणं या गोष्टी परिणामात आणायच्या नाहीत. दाराबाहेर उभं करायचं नाही. जास्तीचा अभ्यासही द्यायचा नाही. शिक्षा म्हणून पाढे लिहिलेल्या मुलांना पाढ्यांची किती गोडी लागते ते मी वर्गात बघते.

आणि मार नाही. शाळेत मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. घरी कोणी तपासायला येत नाही, म्हणून तिथलं कारण वेगळं सांगते. तलवार आणि ली यांनीच पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना केली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एका शाळेत छडी, चापट, चिमटा होता, दुसरीत नव्हता. छडीच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि ते जास्त सफाईनं टिकवूनही धरलं. मारानं खोटं थांबत नाही, घोटून पक्कं होतं.

## प्रसंग घडल्यावर

### पायरी १: तोंड उघडण्याआधी

काचा असतील तर मुलाला उचलून बाजूला ठेवा, चपला घाला. लागलं आहे का बघा. एक ग्लास पाणी प्या. मुलाला नाही, तुम्ही. मग त्याच्या उंचीला खाली बसा. उभं राहून, कमरेवर हात ठेवून बोललेलं कोणतंही वाक्य त्याला ओरडल्यासारखंच ऐकू येतं.

बाहेरचं कोणी घरात असेल तर मुलाला आतल्या खोलीत न्या. चारचौघांत कोणीच कबूल करत नाही, आपणही नाही.

### पायरी २: विचारू नका, दिसतं ते सांगा

"कोणी केलं?", "का केलंस?", "खरं सांग, तूच ना?" हे तिन्ही प्रश्न गाळा. पहिले आणि तिसरे प्रश्न खोट्याला आमंत्रण देतात. "का" चं उत्तर पाच वर्षांच्या मुलाकडे नसतं. तो काहीतरी बनवून सांगतो आणि आपण त्यालाही खोटं म्हणतो.

त्याऐवजी: "बाटली फुटलीय. बॉल इथे पडलाय. तू घाबरलायस असं दिसतंय." आणि थांबा. खरंच थांबा. मोठ्यांना ही शांतता सहन होत नाही, ते पाच सेकंदांत पुढचं बोलतात. मनात वीस आकडे मोजा.

तपासा: घडलेलं तुम्ही स्वतः पाहिलं आहे, की अंदाज आहे? अंदाज असेल तर "तू फोडलीस" म्हणू नका. "काय झालं ते मी बघितलं नाही" हे तुमच्या बाजूचं खरं. ते आधी सांगा.

### पायरी ३: मागे फिरायला वाट ठेवा

तरीही "मी नाही" आलं, तर त्या शब्दावर तुटून पडू नका. एकदा बोललेलं मागे घेणं मोठ्यांनाही जड जातं. "बरं. मी कुकर लावून येते. तोपर्यंत आठव. आल्यावर सांग, मी ओरडणार नाही." पाच-सात मिनिटं जाऊ द्या. माझ्या वर्गात यावर सगळ्यात जास्त कबुल्या मिळतात: मधल्या सुट्टीनंतर, पाण्याच्या माठाजवळ, हळूच.

बोलण्याआधी "खरं सांगशील, असं मला सांग बरं" एवढं साधं वचन घ्या. वचन घेतल्यावर मुलं खोटं कमी बोलतात, असं याच प्रकारच्या प्रयोगांत दिसलं आहे.

इशारा एक: "खरं सांगितलंस तर काही करणार नाही" असं म्हणू नका. खरं सांगितल्यावर पुसायचं आहेच, मग तुम्ही खोटे ठरता. "ओरडणार नाही, पण आवरायचं आपल्याला आहे" असं म्हणा.

इशारा दोन: शपथ घालू नका. आईची शपथ, देवाची शपथ, गळ्याला हात लावून तर मुळीच नाही. मोठ्यांना तो बोलण्याचा भाग वाटतो. दुसरीतली एक मुलगी दोन दिवस वर्गात डबा उघडेना. खोदून विचारल्यावर कळलं, आईची खोटी शपथ घेतली होती आणि आई आता मरणार, या धास्तीनं घास उतरत नव्हता. खोटं साध्या पेन्सिलीबद्दल होतं.

### पायरी ४: खरं बाहेर आलं की पहिलं वाक्य

याच क्षणी बहुतेक लोक सगळं घालवतात. मूल म्हणतं, "माझ्या हातून फुटली," आणि आई म्हणते, "मग मघाशी का नाही बोललास?" खरं बोलल्याबरोबर पहिलं जे मिळालं, ते बोलणं. पुढच्या वेळचा हिशोब त्याच्या मनात तिथेच पक्का होतो.

पहिलं वाक्य एवढंच: "सांगितलंस ते बरं केलंस. सांगायला भीती वाटत होती ना?" "शहाणं माझं बाळ", मिठ्या, बक्षिसाची गोळी, हे काही नको. खरं बोलण्यावर बक्षीस लावलं, की मूल बक्षिसासाठी कबुल्या द्यायला शिकतं, कधी कधी न केलेल्या गोष्टींच्याही. आणि लगेच व्याख्यान नको. खोट्याचे दुष्परिणाम, महात्मा गांधी, "आमच्या लहानपणी" हे सगळं त्या वेळी त्याच्या कानांपर्यंत पोचत नाही.

### पायरी ५: भरपाई

आता फडकं. काचा तुम्ही उचला, पाणी त्यानं पुसायचं. चार वर्षांच्या मुलासोबत तुमचे हातही चालू द्या. सात वर्षांच्या मुलाला फक्त वस्तू कुठे आहेत ते सांगा. वेळ लागेल. अर्धं पाणी पसरेल. त्यानं पुसलेलं त्याच्यासमोर पुन्हा पुसू नका. ओलं राहिलं असेल तर तो खोलीबाहेर गेल्यावर.

चेहरा रडवेला असेल तर चालेल. हा भाग गोड करायची गरज नाही, पण कडू करायचीही नाही. "बघ, आता कळलं ना?" अशी टोचणी लावली, की फडक्यातला परिणाम निघून जातो आणि तुमचा राग तेवढा उरतो.

सॉरी म्हणायला लावू नका. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर त्याला न्या आणि काय झालं ते सांगू द्या. "आजी, तुझी बाटली माझ्या बॉलनं फुटली." नावागावासकट. माफी बहुधा त्यामागून आपसूक येते.

### पायरी ६: मिटवा

काम झालं की ते वाक्य मोठ्यानं म्हणा: "झालं. मिटलं." आणि खरोखर मिटवा. संध्याकाळी बाबा दारात असतानाच "विचारा तुमच्या लाडक्याला, आज काय प्रताप केले" असं सुरू झालं, तर त्याला एकाच गोष्टीची दुसरी शिक्षा झाली. बाबांना कळायला हवं असेल तर मुलाला विचारा: तू सांगतोस की मी सांगू? बाबांनी "बरं, आणि पुसलं कोणी?" एवढंच विचारायचं, हेही आधीच्या बैठकीत ठरवून ठेवा.

पुढच्या महिन्यात काही हरवलं, की "तू मागच्या वेळी पण…" हे ओठांवर येईल. गिळा.

## अवघड प्रसंग

### पैसे किंवा वस्तू घेतली तर

दप्तरात दहाची नोट, किंवा वाण्याकडून आणलेली, पैसे न दिलेली गोळ्यांची पुडी. सहा वर्षांच्या मुलाला "चोर" म्हणायचं नाही. त्या वयात "माझं" आणि "मला हवं" यांच्यातली रेघ अजून पुसट असते. वस्तू मात्र परत गेलीच पाहिजे, आणि ती मुलाच्या हातून.

१. आधी दुकानदाराला एकट्यानं गाठा किंवा फोन करा. हे कोणी करत नाही आणि तिथेच सगळं फसतं. मूल हिंमत करून पुडी पुढे करतं आणि भला माणूस म्हणतो, "अहो ताई, असू द्या, लहान आहे! घे बाळा, अजून एक घे." त्यांना सांगून ठेवा: पुडी घ्या, "आणून दिलीस, बरं झालं" म्हणा, दुसरं काही देऊ नका.

२. घरी एकदा म्हणून बघा, काय बोलायचं ते. "काका, मी न विचारता घेतली. परत आणलीय."

३. गर्दीची वेळ टाळा. दुपारी तीनला जा.

४. पुडी फोडलेली असेल तर पैसे त्याच्या डब्यातून. डब्यात नसतील तर तुम्ही भरा आणि त्याच्याकडून घरातलं एखादं जास्तीचं काम करून घ्या: शेंगा सोलणं, चपला लावणं.

५. परत येताना त्याबद्दल बोलू नका. रस्त्यावरची मांजर दाखवा.

आणि घरातले सुटे पैसे टीव्हीवर, फ्रिजवर पडलेले असतात, ते उचलून ठेवा. मोह समोर मांडून प्रामाणिकपणाची परीक्षा घेऊ नये. मुलाला मुद्दाम पारखण्यासाठी नोट ठेवणारे पालकही मी पाहिले आहेत.

### दुसऱ्यावर आळ घेतला तर

हे मी सगळ्यात गंभीर मानते, कारण मी स्वतः त्यात चुकले आहे. सासूबाईंची लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटली. मुलगी, तेव्हा सहा वर्षांची, म्हणाली, "मावशींच्या हातून फुटली." भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी विचारलं, जरा तिखटच. त्या म्हणाल्या, "नाही ताई, मी त्या कपाटाला हातही लावत नाही." मी "बरं" म्हटलं, पण माझा विश्वास बसला नाही आणि तो बसला नाही हे त्यांना दिसलं. दोन दिवसांनी मुलगी रात्री अंधारात म्हणाली, "आई, बरणी मी फोडली."

सकाळी आधी मी माफी मागितली, मुलीसमोर. मग तिनं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "झालं ते झालं. पण त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही." माझी मुलगी ते ऐकत उभी होती. मी त्यात एक शब्द घातला नाही.

त्यानंतर घरात नियम केला: खोटं ज्यांच्या ज्यांच्या कानावर गेलं, त्या प्रत्येकाला खरं सांगायचं. मी ते शेजारच्या काकूंनाही बोलले होते. तिथे मुलगी आणि मी, दोघी गेलो.

### कोणी केलं ते कळतच नसेल तर

दोन मुलं, एक फुटलेला दिवा, दोघांचं "मी नाही". दर १ ऑगस्टला वर्गात कोणीतरी टिळकांची शेंगांची गोष्ट सांगतंच: मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. टाळ्या वाजवणारे पालक घरी मात्र "दोघांनाही शिक्षा!" करून मोकळे होतात. निर्दोष मूल त्यातून शिकतं की खरं बोलण्याचा उपयोग शून्य. शिवाय बहीणभाऊ एकमेकांवर पाळत ठेवू लागतात, ती वेगळीच कटकट.

कळत नसेल तर सोडून द्या. "कोणी केलं ते मला माहीत नाही. चला, आपण तिघं मिळून आवरू." तुमच्या हातातही झाडू असेल तर ती शिक्षा राहत नाही. ज्यानं केलं, तो बहुधा रात्री येऊन सांगतो. नाही आला तरी चालेल.

### गोष्ट सांगायची असेल तर

घटनेच्या दिवशी नको, एखाद्या निवांत रात्री. "लांडगा आला रे आला" इथे फारशी कामाला येत नाही. कांग ली यांच्या गटानं २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर हे तपासलं: खोटं बोलणाऱ्याची फजिती होणाऱ्या गोष्टींनी फरक पडला नाही. चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनला (हेच पुढे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष) वडिलांनी जवळ घेतलं, या गोष्टीनंतर मात्र मुलं जास्त खरं बोलली. ती गोष्ट स्वतः ऐतिहासिक सत्य मानली जात नाही, हा भाग मोठ्यांनी आपल्यापुरता ठेवावा. तुमच्या लहानपणीची, तुम्ही कबूल केल्याची एखादी खरी गोष्ट असेल तर तीच सांगा.

### या क्रमात न बसणारं खोटं

मूल एकाएकी लपवाछपवी करू लागलं, एखाद्या विशिष्ट माणसाकडे जायचं टाळू लागलं, "हे कोणाला सांगायचं नाही असं सांगितलंय" म्हणालं, तर इथे परिणाम, भरपाई काही लावू नका. ऐका, विश्वास ठेवा, बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकांकडे जा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. त्याआधीच घरात शिकवून ठेवा: वाढदिवसाची गंमत लपवायला हरकत नाही, कारण ती नंतर सगळ्यांना कळते. कायमची लपवायची गोष्ट आईबाबांपासून लपवायची नसते, कोणी काहीही सांगो.

### मुलानं तुमचं खोटं पकडलं तर

हे होणारच. मी फोनवर मैत्रिणीला म्हणाले, "निघालेय गं, रस्त्यातच आहे," आणि मुलगा जमिनीवर ठोकळे लावत होता तो मान वर न करता म्हणाला, "आपण तर घरी आहोत." तुमचा पहिला मोह असेल, "मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये." दुसरा असेल हसण्यावारी नेणं.

मी हेच पायऱ्यांनी केलं. थांबले. "हो, मी खोटं बोलले. उशीर झाला म्हणून ती रागावेल असं वाटलं." मग भरपाई: फोन परत लावला. "अगं, मी अजून घरीच आहे, अर्धा तास लागेल." ती रागावली. मुलगा ठोकळे सोडून माझ्या तोंडाकडे बघत होता. फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, "ओरडली का?" मी म्हटलं, "थोडीशी." त्यानं मान डोलावली आणि पुन्हा ठोकळे लावू लागला.